देवीचे वण

अक्का, हल्ली मला कॅमेरा घेऊन बाहेर पडवत नाही. गुडघे कुरकुरतात हे एक, पण खरं म्हणजे कंटाळा आला आहे. रस्त्याच्या कडेला उभं राहून माणसांची वाट बघण्यात माझं तरुणपण गेलं. आता बाल्कनीत खुर्ची टाकून बसते आणि खालून जाणारी माणसं नुसती बघते, धरत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, सुटली बिचारी.

हे ‘धरणं’ बघ अजून तोंडात तसंच आहे. आपल्या घरात फोटो कुणी काढत नसे, धरत असे. कन्नड शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहून आपल्या मराठीला लागलेली ती सवय. वहिनी लग्न होऊन पुण्याहून आली तेव्हा पोट धरून हसली होती. “फोटो काय धरायचा असतो? फोटो काढतात.” तू सारूला फोडणी देत होतीस. मागे न बघता म्हणालीस, “काढायचं काम माझं गं. ही धरते, मी काढते.” वहिनीला त्यातलं काही कळलं नाही. ती तुझ्या कामाच्या खिडकीपाशी अजून बसली नव्हती ना.

चिकपेटेतल्या एका स्टुडिओची निगेटिव्हं तू घरी आणून नीट करून द्यायचीस. वडील गेल्यावर दादाला आणि मला तू त्यावरच वाढवलंस; आई असूनही सगळ्या गल्लीसारखी आम्हालाही तू अक्काच. स्वयंपाकघराच्या खिडकीत ते उतरतं डेस्क असायचं, वर काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा. कुकरच्या शिट्या नव्हत्या तेव्हा. भात शिजल्याचा वास आला की तू भिंग बाजूला ठेवायचीस. पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी करायचीस आणि मला सांगायचीस की सुरकुती किंवा वण म्हणजे निगेटिव्हवर फिकट राहिलेली जागा, तिथे बारीक टिपके भरले की छापताना ती दिसेनाशी होते. काढायचं म्हणजे भरायचं. लग्नाच्या पोरींचे मुरुम, साहेब लोकांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं तू असं भरून काढलंस. आणि तुझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे वण होते. घरात फोटोचा विषय निघाला की तुला नेमकं बाहेरचं काम आठवायचं. लग्नाच्या ग्रुप फोटोतही तू कुणाच्या तरी मागे असायचीस.

कॅमेरा मला तूच दिलास. स्टुडिओच्या मालकांनी नवा घेतला आणि जुना, ठिगळ लावलेल्या भात्याचा, घडीचा कॅमेरा तुला देऊन टाकला. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागले होते. तू तो माझ्या मांडीवर ठेवलास. “दिवसभर लोकांचे आवाज ऐकतेस. स्वल्प तोंडंही बघ.” एवढंच. पण त्या वाक्यावर मी पुढची किती वर्षं काढली, हे तुला सांगायचं राहून गेलं. कानात यशवंतपूरच्या व्यापाऱ्यांचा आरडाओरडा, येलहंक्याच्या कुण्या बाईचं हळू बोलणं, आणि यातल्या एकालाही चेहरा नाही. रविवार आला की मी तो चेहरा शोधायला निघायची. जयनगर तेव्हा नवीन वसत होतं, मोकळ्या प्लॉटांत खुंट्या मारलेल्या. तिथे हातगाडीवर कपाट बांधून नेणारी माणसं मी धरली. बाईमाणूस रस्त्यात कॅमेरा घेऊन उभं, म्हणून लोक थबकायचे, मग कंटाळून आपल्या कामाला लागायचे. ते कामाला लागले की माझं काम सुरू व्हायचं. आठवडाभराचा शीण तेवढ्या वेळात कुठे जायचा कुणास ठाऊक. आपण उगीच जगत नाही, असं मला फक्त तिथे वाटलं. देवळातही नाही.

एकदा यशवंतपूरच्या बाजारातला एक हमाल धरून आणला होता. चिंचेच्या पोत्यांवर बसून तो संत्र्याची फोड उन्हासमोर धरून आतल्या बिया बघतोय. मी फुशारकीने प्रिंट तुझ्यापुढे ठेवला. तू भिंग लावून पाहिलास.

“विचारलंस का त्याला?”

“विचारलं असतं तर ताठ बसला असता, अक्का. मग काय उरलं?”

“बसू दे की. ताठ बसायचा हक्क आहे त्याला.”

मी फणकारले. तुला यातलं काही कळत नाही, तुला सगळी माणसं इस्त्री केलेली हवीत, असं काहीबाही बोलले. तू “सरी” म्हणालीस आणि पुढचं निगेटिव्ह काचेवर ठेवलंस. तुझं ते ‘सरी’ म्हणजे मान्य असं कधीच नसायचं, विषय संपला एवढंच असायचं. पुढे पुढे मी काही जणांना विचारू लागले. ते ताठ बसले, केस सारखे केले, आणि मी त्यांना तसंच धरलं. ते फोटो वाईट नाहीत. पण चांगलेही नाहीत.

मग तो सिटी मार्केटातला दिवस. अवरेकाईचा हंगाम, सगळीकडे हिरव्या शेंगांचे ढीग आणि त्यांचा तो उग्र वास. तू पुढे, मी पिशवी घेऊन मागे. तू भाव पाडत होतीस. शेंगवाली म्हातारी कन्नडमध्ये काहीतरी बोलली, बहुतेक असं की अक्का, माझी साडीही घेऊन जा. आणि तू हसतेस. मान वळते, पदर घसरतो, सकाळचं ऊन गालावर आडवं पडतं. आडव्या उन्हात वणन्‌वण उठून दिसतो, आणि तू इतकी देखणी दिसतेस की मला क्षणभर हात उचलायचं सुचत नाही. मग मी धरते.

तोंडावर दाखवायचं धाडस नव्हतं, म्हणून निगेटिव्ह तुझ्या ढिगात सरकवलं. तुला एकदा तू दाखवायची होती. शब्दांत सांगितलं असतं तर तू लाटणं उगारलं असतंस. दोनचार दिवस मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले, तू नेहमीसारखी. शेवटी मीच ढीग उपसला. निगेटिव्ह सापडलं. गाल काचेसारखे नितळ होते.

“अक्का, ती तू होतीस.”

“ठाऊक आहे की. म्हणून तर जास्त वेळ दिला.”

“मला ते वण हवे होते.”

तू पेन्सिल खाली ठेवलीस. “रस्त्यात सगळे बघतातच. घोड्याच्या जटक्यात समोर बसलेली पोरं बघतात, हळदीकुंकवाला बायका बघायच्या. मी कुणाला नको म्हटलंय का? कागदावर तरी मला तशी राहू दे.” आणि मग, भिंग पुन्हा उचलत, “डोळ्यापाशी हसल्याच्या सुरकुत्या होत्या. त्या नाही काढल्या. त्या छान धरल्यास.”

मला त्या कौतुकाचं काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं. तुझ्या तोंडून दुसरं कौतुक कधी मिळालंच नाही, आणि ते मी रागातच ऐकलं.

तू गेल्यावर भिंतीवर लावायला दुसरा फोटो नव्हता. तोच मोठा करून घेतला. दादाची नातवंडं हार बदलताना म्हणतात, पणजीचा चेहरा किती नितळ होता. मी उतरवलेला हार कागदात गुंडाळते.

पेन्सिल निगेटिव्हवरून पुसता येते, हेही तूच शिकवलं होतंस. टर्पेंटाइनचा कापूस एकदा हलक्या हाताने फिरवला की खालचं सगळं जसंच्या तसं वर येतं. एक प्रत तशी छापायची, भिंतीसाठी नाही, फक्त माझ्यासाठी, असं मी तुझ्या सुतकाच्या दिवसांतच ठरवलं होतं. अजून छापलेली नाही. वहिनी विचारते तेव्हा सांगते, अक्काची इच्छा मोडवत नाही. तिला ते पटतं. पण हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. वण उजव्या गालावर जास्त होते की डाव्या, हे मला आता आठवत नाही. कापूस फिरवला आणि खालून निघालेली बाई मला ओळखूच आली नाही, तर मी काय करू, अक्का?