पिकअपचा मागचा कोपरा

मंगळवार, रात्र

रहीमभाईंनी आज गॅरेजमध्ये पिकअपच्या हौद्याला, मागच्या डाव्या कोपऱ्यात, पेचकस टोचला आणि तो आरपार गेला. जोरही लावावा लागला नाही. "ताई, कापूस न्या, बायका नका बसवू. पत्र्याचा पापड झाला." वेल्डिंग करून द्या, म्हटलं. "कायले करू? धरायले लोखंड तं पाह्यजे!"

गाडी तशीच घरी आणली. यांना अजून सांगितलं नाही. उद्या वेचणी, आणि इथे ज्याची गाडी दारात येते, त्याच्याच वावरात वेचणाऱ्या बायका जातात. आपली गेली नाही तर त्या दुसऱ्याकडे जातील, फुटलेला कापूस झाडावरच राहील. एकच दिवस न्यावं, असं मनात आलंच. हळू चालवीन. पण तो पेचकस किती सहज आत गेला!

शेवटी बायका जमवणाऱ्या शांताबाईंना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. त्या हसल्या.

"आमाले मालूम हाय ना बाई. म्हून तं तिथं डबे ठेवतो, कोणी बसत नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळीपासून रोज मीच चालवते आहे. इतक्या दाटीवाटीने का बसता, एकदाही विचारलं नाही. का नाही विचारलं?

उद्या गाडी येणार नाही, तुम्ही दुसरीकडे जा, मी म्हणाले.

"मंग तुमचा कापूस?"

राहू दे, म्हणाले. एवढं म्हणायला मला अख्खी संध्याकाळ लागली.