पापलेट, आकारानुसार

प्रिय सुलूबाय,

सालवडहून तुझ्या धाकट्या भावाचा, शैलेशचा, वाकून नमस्कार. कंबर कशी आहे? पालघरच्या बाजारात बसायला नवा पाट घेतलास म्हणे, बरं केलंस. आम्ही सगळे ठीक आहोत, फक्त चारुता बापाशी बोलत नाही. का, ते सांगायलाच हे पत्र. (फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतेस.)

चारुताने कंपनीतला जो केतन पसंत केलाय, त्याचे आईवडील रविवारी घिवलीहून आले. तू म्हणाली होतीस, घरीच जेवायला घाल, मासळी मी पाठवते. पण मला मेल्याला मोठेपणा सुचला आणि मी सगळ्यांना बोईसरच्या एका नव्या हॉटेलात नेलं. तसा मी सावध माणूस. भाजीवर कोथिंबीर फुकट मिळेनाशी झाली तेव्हापासून भाजीवाले बदलत फिरतोय (आताचा तर मिरच्याही वजन करून देतो). हॉटेलात साध्या थाळीचा आकडा बघूनच मी मेनूकार्डाचं पान उलटलं. पापलेटासमोर मात्र आकडाच नव्हता, नुसतं ‘आकारानुसार’. आपण सातपाटीचे. पापलेट बाबांच्या होडीतून घरी यायचं, त्याला कधी पैसे मोजलेत आपण? मला वाटलं, यातल्या यात हेच स्वस्त. माणशी एक सांगितलं, वर ‘मोठं बघून आण’ हेही सांगितलं. होणारे व्याही माझ्याकडे आदराने बघू लागले.

मग बिल आलं. बाय, तेवढ्या पैशांत माझ्या लग्नात अख्खी आळी जेवली होती! मी निम्मा भाव सांगितला. वेटर म्हणाला, “साहब, रेट फिक्स है.” तेव्हा मी आईने शिकवलेलं केलं. (आई जन्मभर टोपलीमागे बसली. गिऱ्हाईक उठून निघालं की विकणारीचा जीव राहत नाही, हे तिचंच.) मी उठलो आणि मागे न बघता चालू लागलो. आपल्याकडे दाराशी पोचायच्या आत “ये रे, ने!” अशी हाक येतेच. इथे “पकडो!” अशी आली. वॉचमनने माझी कॉलर धरली. यजमान निघाले म्हणून केतनचे आईवडीलही बडीशेप घेऊन माझ्यामागे निघाले होते, त्यांनाही अडवलं. शेवटी बिल चारुताने तिच्या फोनवरून भरलं. जाताना केतनची आई एवढंच म्हणाली, “बघू, कळवतो.”

फार वाईट वाटतंय गं. पोरीचं चांगलं जुळत होतं आणि मी तिथे भाव पाडत बसलो. तुझं ऐकायला हवं होतं.

भावजींना नमस्कार.

तुझा,
शैलेश

ता.क. काल केतनच्या आईचा फोन आला. मुलगी पसंत आहे, बापाबद्दल अजून विचार चाललाय. मी घाबरून बोलून गेलो, की खरी मासळी खायची तर माझ्या बहिणीकडे सातपाटीला चला. त्या लगेच हो म्हणाल्या. येत्या रविवारी. आम्ही धरून सहा जण.

आणखी एक. मासळी तुझ्याकडून फुकट घ्यायची नाही, असं ठरवून आज सकाळी भाव बघायला पालघरच्या बाजारात आलो होतो. तू चहाला गेली होतीस. शेजारच्या लाडकीबायने भाव सांगितला, मी निम्मा म्हटला, ती म्हणाली, “परवडत नाय तर सुकट ने.” मी सवयीने चालू लागलो. रिक्षा स्टँडपर्यंत अगदी हळू चाललो, पण तिनेही हाक मारली नाही. तेव्हा पैशांचं राहू दे. रविवारी मी दारात दिसलो की तेवढं “ये रे” म्हण. जरा मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं.