साहेब जेवत नाहीत

४ तारीख, मंगळवार

आज पण नाही. भांडं पुढे सरकवलं, साहेबांनी एकदा हुंगलं, मान फिरवली आणि मळक्या चादरींच्या गाठोड्यावर जाऊन बसले. डब्यातलं भारी खाणं होतं, धाकट्या मालकांनी पाठवलेलं. डब्यावर एक कुत्रा हसतोय असं चित्र आहे. आमचा काही हसला नाही.

कुत्रा मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या लाँड्रीच्या मालकिणीचा. त्या त्याला लाडाच्या कुठल्या तरी नावानं हाक मारतात, पण लाँड्रीत सगळे साहेबच म्हणतात. चालणं तसं, बघणं तसं, आणि कामाला हात लावत नाही ते पण तसंच.

बाई जिन्यात पडल्या, खुबा मोडला. हॉस्पिटलात आहेत. त्यांचं वरचं घर कुलूपबंद. मग साहेब खाली आले, आणि मी बॉयलरमागच्या खोलीत राहतो म्हणून माझ्या गळ्यात पडले. स्ट्रेचरवरून नेताना बाईंनी माझं मनगट धरलं होतं. "त्याला खायला घाल. दुसऱ्याच्या हातचं तो लगेच खात नाही. खायला लागेपर्यंत कुठं जाऊ नकोस, तुझा भरवसा नाही." मी हो म्हणून बसलो. अशा वेळी नाही कोण म्हणतं.

५ तारीख, बुधवार

दूध-पाव. नाही.

६ तारीख, गुरुवार

लंब्याचा फोन. आम्ही एका गावचे, एका बाकावरून शाळेतून पळालेले. तो आता बंदरावर आहे.

"क्रेनखाली एक जागा झालीय. बावीसला सकाळी हजर हो. त्यापुढे मी मुकादमाला थोपवू शकत नाही."

"आलो समज."

"तू नेहमी आलो समज म्हणतोस."

मनानं तर निघालोच. समुद्राचं वारं, रोज वेगळं जहाज, वेगळा माल. इथं काय, चादरी. हॉटेलच्या पांढऱ्या, दवाखान्याच्या पांढऱ्या. मशीनमधून काढा, पिळा, रोलरवर द्या, घडी घाला, परत उद्या त्याच. वाफेनं माणूस उकडून निघतो. एखादा लाल रुमाल चुकून आला तर आम्ही सगळे गोळा होऊन बघतो.

आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. असेल. वीटभट्टी सोडली, बेकरी सोडली, ट्रकवर होतो ते पण सोडलं. कुठं राहिलो की थोड्या दिवसांत भिंती अंगावर यायला लागतात. कुणी अडवलं नाही कधी. आता एका कुत्र्यानं अडवलंय.

७ तारीख, शुक्रवार

कलेजी उकडली. बारीक चिरून, मीठ न घालता. साहेब आले, हुंगलं, शिंकले, गेले.

रोलरवरची मावशी बघत होती. "काय होतं?"

"कलेजी."

"मला कधी विचारलंस का, मावशी तू कलेजी खातेस का म्हणून?"

"खातेस?"

"खाते की. पण त्याचं उष्टं नको. आणि ते भांडं नीट धुतोस ना? या जातीच्या कुत्र्यांना घाण चालत नाही."

नीट म्हणजे काय, ब्लीचच्या टाकीत बुडवून काढतो मी. इथं सगळंच त्यात बुडतं. फडकी, बादल्या, आमचे चहाचे पेले. खाली मोठ्या बाईंचा नियमच आहे, पांढरं झालं तर स्वच्छ, नाहीतर नाही. भांडं असं लखलखतं की तोंड बघून घ्यावं.

९ तारीख, रविवार

सुट्टी. साहेबांना फिरायला नेलं. हॉटेलच्या मागच्या गल्लीत कचऱ्याचे डबे आहेत, तिथं पट्ट्याला असा हिसडा दिला की मी पडता पडता वाचलो. बघतो तर माशाचं डोकं! शेपूट हलवत, डोळे मिटून, कुडूम कुडूम चावत होते. परवापासून कलेजीला नाक मुरडणारे हेच का ते साहेब.

म्हटलं सापडलं. मासेवालीकडून तसलीच डोकी आणली. ती म्हणाली, "मांजराला?" मी म्हटलं, "साहेबांना." तिनं वर चांगली दोन निवडून घातली, बिचारीला वाटलं खरंच कुणी साहेब आहेत.

उकडली. भांडं परत एकदा ब्लीचमधून काढलं, दोन पाण्यांनी धुतलं. वाढलं.

नाही.

माझ्या हातचं नको, उकिरड्यावरचं चालतं. असं वाटलं ते डोकं उचलून भिंतीवर मारावं. मारलं नाही. साहेब नळाखालच्या डबक्यातलं पाणी पीत उभे होते. त्यांच्यासाठी भरून ठेवलेलं पाणी बाजूलाच.

१० तारीख, सोमवार

धाकटे मालक आले. बाईंचा मुलगा. चांगले बूट घालून येतात, त्यामुळे बोलताना अर्धं लक्ष जमिनीवरच्या पाण्याकडे असतं.

"अजून खात नाही?"

"बघतोय मालक. थोडं चाटतो." हे खोटं होतं.

"बरगड्या दिसायला लागल्या. हे बघ, मी एका माणसाशी बोललोय. गावाबाहेर त्याची जागा आहे, पिंजरे आहेत. असली कुत्री सांभाळायचा धंदाच आहे त्याचा. पुढच्या सोमवारी गाडी घेऊन येईल. आईला इतक्यात काही सांगायचं नाही."

"आणि तोवर खायला लागला तर?"

"तर राहील इथं. मला काय हौस आहे?"

जाताना साहेबांच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, साहेब उठून माझ्या पायाशी आले. मालकांनी हात खिशात घातला.

मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. गाडी कुत्र्याला नेणार, मी मोकळा, लंब्या खूश. उलट दिवसभर चादरींच्या घड्या वाकड्या पडत होत्या. मावशीनं तीनदा परत फेकल्या.

पिंजऱ्यात कोण उकडून घालणार आहे कलेजी.

१२ तारीख, बुधवार

प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दात पाहिले, पोट दाबलं, पार्श्वभागात काय ते घातलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

"काही झालेलं नाही याला. भुकेला आहे फक्त."

"मग खात का नाही?"

"याला बोलता आलं असतं तर माझं काम फार सोपं झालं असतं," डॉक्टर म्हणाला. भला माणूस आहे. एक ताकदीचं औषध दिलं, खाण्यात मिसळून द्यायचं. खाण्यातच!

१३ तारीख, गुरुवार

ताईला फोन केला. तिची दोन पोरं खायला त्रास देतात, म्हटलं हिला माहीत असेल.

ती हसत सुटली. "तू? कुत्र्यासाठी स्वयंपाक? थांब, आईला सांगते."

"सांगू नकोस. उपाय सांग."

"भूक लागली की खाईल. तू त्याच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. घरी कधी येतोस?"

"बंदरावर लागतोय, मग बघू."

"परत नवीन?" पोरगं रडायला लागलं, फोन ठेवला.

संध्याकाळी भात आणि अंडं. बघत बसलो नाही, भांडं ठेवून मशीनमागे गेलो. तिथून वाकून पाहिलं. नाही.

१४ तारीख, शुक्रवार

नाही. पायरी चढताना साहेबांचे मागचे पाय थरथरले.

१५ तारीख, शनिवार

अर्धी सुट्टी काढून हॉस्पिटलात गेलो. काय करायचं ते बाईंनाच विचारावं, गाडीचं बोलायचं नाही एवढं ठरवून.

बाई लहान झाल्यात. लाँड्रीत आवाज दिला की बॉयलर पण दचकायचा, आता उशीत नुसता चेहरा उरलाय.

"खातो का?"

"खातो. थोडं थोडं."

"खोटं बोललास की तुझे कान लाल होतात."

उशी खाली घसरली होती, ती वर करायला वाकलो तर बाईंनी तोंड बाजूला केलं. आधी वाटलं दुखलं.

"किती वास मारतोय रे तुला."

"कसला?"

"ब्लीचचा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

मी बाही हुंगली, हात हुंगले. काही नाही. "मला तर येत नाही."

"मलाही कधी आला नाही. आयुष्य गेलं त्यात." बाई छताकडे बघत राहिल्या. "म्हणजे मलाही येत असणार. माणसं काही बोलली नाहीत."

मग एकदम डोक्यात काहीतरी हललं. "बाई, तुम्ही त्याला कशात घालायचात खायला?"

"माझ्या ताटात. कडेला."

"आणि ते धुवायचात कशानं?"

"साध्या साबणानं. खालचं ब्लीच मी वरच्या स्वयंपाकघरात कधी येऊ दिलं नाही, माझी पितळेची भांडी काळी पडतात त्यानं."

मी उठलोच. बाई म्हणाल्या, "बसला नाहीस तो निघालास?" पण मी जिन्यात होतो.

साहेब कलेजीला नाही, भांड्याला नाक मुरडत होते. भांड्याला आणि मला. मी जितकं जास्त धूत होतो तितका त्याचा जीव जास्त घेत होतो. आणि लाँड्रीतल्या एकालाही कळलं नाही, कारण आमची नाकं कधीचीच मेलीत.

१६ तारीख, रविवार

सकाळी पेटीची एक जुनी फळी काढली, साध्या पाण्यानं घासली, उन्हात टाकली. कुंडीतली माती घेऊन हात कोपरापर्यंत चोळले. बॅगेच्या तळाशी घरून आणलेला एक शर्ट होता, इथं कधी न धुतलेला, तो घातला. कोंबडी उकडली ती पण गल्लीच्या टोकाच्या चहावाल्याच्या पातेल्यात. त्यानं विचारलं, "पाहुणे आलेत?" मी हो म्हटलं, समजावत कोण बसणार.

लाँड्रीत आणलंच नाही. मागच्या मोकळ्या जागेत, वारा येतो तिथं फळी ठेवली. भात, कोंबडी, वर थोडं पाणी. मी लांब जाऊन बसलो.

साहेब आले. हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. परत हुंगलं.

खाल्लं! सगळं खाल्लं. फळी इतकी चाटली की ती सरकत सरकत भिंतीला जाऊन लागली, तरी चाटतच होते. मग येऊन माझे हात हुंगले, एकदा, दोनदा, आणि हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकवली. इतके दिवस सोबत आहोत, पहिल्यांदा.

बराच वेळ हललो नाही. पायाला मुंग्या आल्या तरी.

१७ तारीख, सोमवार

गाडीवाला आला. धाकटे मालक पण आले. मी फळी मांडली. साहेबांनी दोघांच्या देखत जेवण केलं आणि ढेकर दिली.

मालक बघतच राहिले. "काय घातलंस त्यात?"

"काही नाही. फळी बदलली."

गाडीवाला रिकामी गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "बरं झालं, माझ्याकडे जागा पण नव्हती."

१८ तारीख, मंगळवार

आता मावशीला शिकवतोय. ती हातांना माती लावायला तयार नाही.

"मला घरी एक नवरा आहे नखरे करायला. आता हा पण?"

"मी गेल्यावर कोण घालणार?"

"तू जाणार हे नक्की?"

"नक्की."

तिनं उगाच एक घडी उलगडून परत घातली. मग माती मागितली.

१९ तारीख, बुधवार

मावशीच्या हातचं खाल्लं. मी दारातून पाहिलं. बरं वाटलं. थोडं वाईट पण वाटलं, ते का ते कळत नाही. लंब्याला कळवलं, परवा निघतो.

२० तारीख, गुरुवार

बॅग भरली. माझं सगळं एका बॅगेत बसतं, नेहमीच बसतं. आज ते बघून चांगलं वाटलं नाही. संध्याकाळी बाईंना घरी आणलं, खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. साहेब पुढे धावत गेले.

२१ तारीख, शुक्रवार

सकाळी धाकटे मालक खोलीत आले. बॅगेकडे पाहिलं. ओल्या जमिनीवर तसेच उभे राहिले.

"आई जेवत नाहीये. हॉस्पिटलापासूनच. आम्ही सगळं करून पाहिलं." मग म्हणाले, "तू एकदा बघतोस का?"

वर गेलो. ताट झाकलेलं, जसंच्या तसं. बाईंनी तोंड भिंतीकडे केलेलं. मी समजावलं नाही. खुर्ची ओढून बसलो.

"तू जेवलास का?" भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आण तुझं ताट इथं."

आणलं. बंदराची बस दुपारची होती, ती गेली.