चिपवरचं कुंकू

मंगळवार, दिवेलागण

जर्मनीतल्या आमच्या लेकीचं, मुक्ताचं, नवं फॉरेक्स कार्ड (परदेशात खर्चायचं) आज बँकेतून आणलं. जुन्याची मुदत संपतेय. पैसे इथून फोनवरून भरता येतात, कार्ड मात्र हातोहात पोचवावं लागतं. समोरच्या फ्लॅटमधले काका रविवारी जर्मनीला लेकाकडे चाललेत, त्यांच्याकडे देईन.

पहिलं कार्ड आलं तेव्हा मुक्ताच्या आईने ते आधी देवापुढे ठेवलं. हळदकुंकू लावलं, तेही नेमकं त्या सोनेरी चिपवर! मी चाकणला कंपनीत लागलो तेव्हा माझ्या गेटपासलाही असंच लावलं होतं. वॉचमन हसला होता. मुक्ताचं कार्ड तिकडच्या दुकानात चालेचना, पोरीने रडत फोन केला. मी कपाळाला हात लावला. ही आपली शांत. "पूस म्हणावं रुमालाने." पुसलं, आणि चाललं की!

मुक्ताची आई जाऊन आता वर्ष होईल. तिचा कुंकवाचा करंडा अजून उघडवत नाही मला. कार्ड तसंच पाकिटात घातलं.

मघाशी मुक्ताचा फोन आला. म्हटलं, कार्ड अगदी स्वच्छ ठेवलंय, काळजी करू नकोस. मग म्हणाली, "बाबा, कुंकू लावून पाठवा ना. चिपवरच लावा. मी पुसेन इकडे."