न शिजणारी डाळ आणि काचेवरचे ठिपके

मंगळवार, १४ मे १९९६
कतारगाम

आजवर वाण्याला बोल लावत होते, जुनी डाळ दिली म्हणून. कितीही शिट्ट्या करा, दाणा टणकच. हे मात्र मुकाट्याने चावून खायचे. मला राग त्याचाच. बोलायला काय झालं होतं?

आज कळलं, यांचंच बिनसलं होतं. मार्केटातल्या दुकानांच्या काचा हे धुतात, आणि हल्ली काच वाळली की पांढरे ठिपके उमटतात. शेठ म्हणतो, "फरीथी करो," म्हणजे पुन्हा धुवा. यांना वाटलं, आपलाच हात बिघडला.

ठिपके म्हटल्यावर मी उठून हंडा दाखवला. त्यावरही तेच पांढरे ठिपके. उन्हाळ्यात नळाला बोअरचं जड पाणी येतंय, त्यानेच माझी डाळ अडली आणि यांची काच. हे कितीतरी वेळ हसत बसले.

मग हे सायकल काढून माझ्या नणंदेकडे गेले. तिच्याकडे अजून तापीचं पाणी येतं. काचेवर शेवटचा हात फिरवायला कॅनभर आणलं, आणि आल्या आल्या निम्मं माझ्या कुकरमध्ये ओतलं. मी ओरडले, तर गावाकडच्या बोलीत म्हणाले, "काचना डाग मी पुसी लिसू. तू दाय टाक."

डाळ लोण्यासारखी शिजली. यांनी तीनदा वाढून घेतली.

उरलेला कॅन झाकण घट्ट लावून यांच्या सायकलला बांधून ठेवलाय. उद्यापासून पाऊस येईपर्यंत पिठलंच करीन. पिठल्याला कुठलंही पाणी चालतं.