गोदाचं लग्न

कल्याण, सन १८८८

विश्राम यास,

पुण्याच्या सत्यशोधक तात्यांचं भाषण ऐकून तूच आम्हाला शपथ घातलीस, की लग्नात भट नको. मी तुझं ऐकलं, गोदाचं लग्न तसंच लावलं. आता सासरचे म्हणतात, मंत्र नाही तर बायको कसली? पोटुशी पोर दारात आणून सोडली.

उद्या जातपंचायत लग्न खोटं ठरवील, तर पोटातल्या जिवाला बाप नाही. साक्षीला ये म्हणून निरोप धाडला, तर तुझ्या लेकीचं लग्न आहे म्हणे. भटजीही ठरलाय, असं कळलं.

गोदा म्हणते, "आये, मामाची वाट बघू नको. मांडवात लग्नाची वचनं मी माझ्या तोंडानं बोलले होते, पंचांपुढंही मीच बोलेन."

म्हणून हे टपालात टाकत नाही. अक्षरं तूच शिकवलीस, तेवढं मात्र विसरले नाही.

तुझी बहीण,
सगुणा