मुंग्या लागलेली शिदोरी

प्रिय सुमतीबाई,

तुम्ही शिरोंच्याला तापानं वारल्याचं कार्ड परवा शाळेत आलं. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, एवढं मला कळतं. पोचलं असतं तेव्हा, सात वर्षं, मी लिहिलं नाही. उद्या मी आठवीच्या मुली घेऊन मुक्कामाच्या सहलीला चालले आहे, म्हणून आज बसले.

आपली सहल आठवते? मूल गावापर्यंत मोटार, पुढं दोन बैलगाड्या, पोंभुर्ण्यापलीकडच्या गावात एक रात्र. झाडांची पानं गोळा करायची होती. बाबा तेव्हा तुम्हाला म्हणाले होते, "पोरगी तुमच्या भरोशावर पाठवून राह्यलो, बाई. घरची शिदोरी सोडून कोणाच्या हातचं खायाले नाई पाह्यजे. नाई त शाळा बंद." तुम्ही हो म्हणालात. दुसरं काय म्हणणार होतात!

सकाळी उठून पाहते तर शिदोरीत लाल मुंग्या. पोळ्या दिसेनात! तुम्ही बाकीच्या मुलींना घेऊन नाल्यावर गेला होतात. मी सामानापाशी. पोटात कावळे ओरडत होते, आणि समोरच्या घरची गोंडीण आजी अंगणात आंबील ढवळत होती. तिनं बोलावलं नाही, बाई. मीच गेले आणि मागितली. तिनं पानाचा द्रोण भरून दिला. मी पुन्हा मागितली. इतकी चांगली आंबील मी नंतर कुठंच प्यायले नाही.

ती शिदोरी तिथंच फेकून दिली असती तर सगळं निभावलं असतं. पण अन्न टाकू नये, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं! मी मुंग्यांसकट फडकं पुन्हा बांधलं आणि घरी आणलं. आईनं गाठ सोडली. बाबांनी एकच विचारलं, "मंग खाल्लं काय?" मी फडकं झटकायला अंगणात पळाले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन शाळेत आले. "हिले कोणी खाऊ घातलं?" तुम्हाला तर काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "मी. ती नको म्हणत होती. मीच आग्रह केला."

का बोललात असं? मला आधी विचारायचं तरी! बाबांचा सगळा राग तुमच्यावर गेला, वर्गासमोर नको ते बोलले. मी खांबापाशी उभी होते. "मीच मागितली," एवढे दोनच शब्द होते. मी बोलले नाही. शाळा सुटेल याची भीती वाटली, हे खरं आहे. त्याची लाजही वाटते, हेही खरं.

महिन्याभरात तुमची बदली शिरोंच्याला. जाताना मला नुसतं "अभ्यास कर" म्हणालात. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बाई! पत्रही तुम्ही कधी पाठवलं नाहीत. अर्थात, पहिलं मीच लिहायला हवं होतं.

तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, आता मुंबई राज्यात आहोत. शाळेचा शिक्का बदलला. आईबाप तेच. आज सकाळी एका मुलीचे वडील आले. "कोणाच्या हातचं खाणार नाई, असं लिवून द्या, बाई." मी म्हटलं, "भाऊ, लिहून देत नाही. भूक लागली तर ती खाईल, आणि मी अडवणार नाही. पाठवायची तर पाठवा." पोरगी दारामागं उभी होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मंग शिदोरी देऊ का नको?"

"द्या की," म्हटलं. "मुंग्या नसल्या तर तीच खाईल."

दुपारी जेवताना मी बाबांना सांगितलं. आंबील मी मागितली होती, दोनदा. बाईंना पत्ताच नव्हता. बाबांचा घास हातातच राहिला.

"सात वर्षं काऊन नाई बोलली?"

"तुम्ही शाळा सोडवली असती म्हणून."

"सोडवलीच असती," ते म्हणाले, आणि जेवू लागले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बाई कुठी असतात आता?"

मी सांगितलं. मग त्यांनी ताट सारलं. आमच्या घरात ताटात अन्न टाकत नाहीत, बाई. आज बाबांनी टाकलं.

उद्या आम्ही त्याच गावी चाललो आहोत. आजी असेल तर तिच्या अंगणात, सगळ्या मुलींच्या देखत, मी आंबील मागून पिणार आहे. आणि परत आल्यावर कोणी विचारलं, तर माझंच नाव सांगीन. माझ्यासाठी पुन्हा कोणाला खोटं बोलावं लागणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
कुसुम
(आता मलाही मुली बाईच म्हणतात.)